विश्लेषण : समुद्रात शार्क दिसला तर शीड गुंडाळायचे का? विंडसर्फर, काइटसर्फरना खरा धोका कुठे?

वारा सुटला की हवाईतील माऊई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आकाशात रंगीबेरंगी पतंगांची आणि पाण्यावर शिडांची दाटी होते. त्याच पाण्यात टायगर शार्कही फिरत असतो. ३० डिसेंबर २०२३ रोजी या किनाऱ्यावरील पाइया येथे ३९ वर्षांच्या एका सर्फरचा शार्कच्या चाव्याने मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला काहुलुईच्या पलीकडे वाइएहू येथे ६१ वर्षांच्या सर्फरचा पाय शार्कने गुडघ्याखाली तोडला. तो मात्र वाचला. या दोन ठिकाणांच्या मधोमध कानाहा किनारा आहे. जगभरातले विंडसर्फर आणि काइटसर्फर तिथे येतात. अशी एखादी बातमी आली की त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो. पाण्यात उतरायचे की नाही? एक सर्फर गेला आणि दुसरा वाचला, यात नशिबापलीकडे काही होते का, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

माऊईचीच चर्चा का होते?

विंडसर्फिंगमध्ये फळीवर शीड बसवलेले असते आणि खेळाडू ते हाताने पेलत वाऱ्यावर पळतो. काइटसर्फिंगमध्ये शिडाऐवजी वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्यांवर मोठा पतंग असतो आणि तो कंबरेच्या हार्नेसला अडकवलेला असतो. दोन्ही खेळांना लागतो तो सलग, एकाच दिशेचा वारा. माऊईवर ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे दोन डोंगरांच्या मधल्या सपाटीवर दाबले जातात आणि दुपारी चांगलेच जोर धरतात. हूकिपा आणि कानाहा ही नावे या खेळात जगभर माहीत झाली ती यामुळे. मासेमारी करणाऱ्यांना आणि पोहणाऱ्यांना मोकळीक मिळावी म्हणून तिथे सकाळी ११ पूर्वी विंडसर्फिंगला मनाई आहे.

शार्कलाही हेच बेट आवडते. २०१२ आणि २०१३ मध्ये हवाईत, त्यातही माऊईत, चाव्याच्या घटना एकदम वाढल्या. २०१३ मध्ये माऊईजवळ दोघांचा जीव गेला. मग राज्य सरकारने हवाई विद्यापीठातील सागरी जीवशास्त्रज्ञांना कारण शोधायला सांगितले. त्यांनी टायगर शार्क पकडून त्यांच्या पाठीच्या कल्ल्यावर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवली आणि त्यांना सोडून दिले. २०१६ मध्ये जे निष्कर्ष आले ते सनसनाटी नव्हते. माऊईभोवती समुद्राचा तळ दूरपर्यंत उथळ आहे. किनाऱ्यालगतचा असा पसरट, उथळ पट्टा टायगर शार्कला मानवतो, कारण कासवे, मासे, खेकडे असे त्याचे खाणे तिथेच मिळते. खडा उतार असलेल्या बेटांभोवती ही जागाच कमी असते. माऊईत शार्क माणसांच्या वापरातल्या किनाऱ्यांजवळ वारंवार येतात, पण बहुतेक वेळा कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

काळवेळही पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत हवाईत चाव्याच्या घटना वाढतात. याच काळात टायगर शार्कच्या माद्या पिल्ले घालतात आणि वायव्येकडील निर्जन बेटांवरून काही माद्या मुख्य बेटांकडे येतात. पांगाऱ्याच्या जातीचे विलिविलीचे झाड फुलले की शार्क चावतो, अशा अर्थाची जुनी म्हण हवाईत आहे. शास्त्रज्ञांनी यंत्रे लावून जे शोधले ते तिथल्या कोळ्यांना झाडाकडे पाहून कळत होते.

दिसणारे शार्क वाढले, की पाहणारे डोळे?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी शार्क दिसला तर तो पाहणारा आणि त्याचे दोन मित्र एवढ्यांनाच ते कळत असे. आता फळीवर कॅमेरा असतो, किनाऱ्यावर ड्रोन असतो आणि संध्याकाळपर्यंत चित्रफीत हजारो मोबाइलवर पोहोचलेली असते. ‘शार्क वाढले’ या समजात या कॅमेऱ्यांचा वाटा मोठा आहे. संरक्षण मिळाल्याने काही भागांत पांढऱ्या शार्कची संख्या सावरते आहे हेही खरे. तरीही दिसणे आणि चावणे यांचे गणित सरळ नाही.

फ्लोरिडातील नैसर्गिक इतिहास संग्रहालय जगभरातील शार्क चाव्यांची नोंद ठेवते. माणसाने डिवचले नसताना झालेले चावे २०२३ मध्ये ६९ होते आणि त्यात १० मृत्यू झाले. २०२४ मध्ये हीच संख्या ४७ आणि ४ अशी उतरली. समुद्रात उतरणाऱ्या कोट्यवधी माणसांच्या तुलनेत हे आकडे नगण्य आहेत. कॅलिफोर्नियात तर याचा थेट हिशेबच मांडला गेला. लाँग बीच येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन वर्षे २६ किनाऱ्यांवर सुमारे दीड हजार वेळा ड्रोन उडवले. पांढऱ्या शार्कची पोरे जिथे जमतात अशा दोन भागांत, पाहणीच्या ९७ टक्के दिवशी माणसे आणि शार्क एकाच पाण्यात होते. पोहणारे, सर्फर, फळीवर उभे राहून वल्हवणारे यांच्यापासून काही हातांवरून शार्क जात होते. या काळात त्या सगळ्या भागात डिवचल्याशिवाय झालेला चावा एकच नोंदला गेला.

अर्थात हा अभ्यास दाखवून कोणी माऊईत बिनधास्त उतरू म्हणाला तर ते चूक ठरेल. कॅलिफोर्नियातली ती पोरे पाकट आणि लहान मासे खाणारी होती. चार मीटर लांबीचा टायगर शार्क कासवाचे कवच फोडतो. जात, वय, पाण्याचा गढूळपणा आणि वेळ यांवर सगळे बदलते.

वाऱ्याच्या दिवशी पहारा आंधळा का होतो?

या खेळाडूंची एक अडचण क्वचितच बोलली जाते. शार्कवर नजर ठेवण्याच्या बहुतेक व्यवस्था पोहणाऱ्यांसाठी आणि सर्फरसाठी उभ्या राहिल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळील फॉल्स बे उपसागराचे उदाहरण घ्या. तिथे २००४ पासून ‘शार्क स्पॉटर्स’ हा उपक्रम सुरू आहे. म्यूझेनबर्गसारख्या किनाऱ्यांमागच्या डोंगरावर दुर्बीण घेऊन माणूस बसतो आणि खाली किनाऱ्यावरच्या सहकाऱ्याशी बिनतारी यंत्रावर बोलत राहतो. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ दिसते आहे आणि शार्क दिसलेला नाही. लाल झेंडा सावध राहा सांगतो. पांढऱ्या झेंड्यावर काळा शार्क दिसला आणि भोंगा वाजला की पाण्याबाहेर यायचे. चौथा झेंडा काळा. त्याचा अर्थ, शार्क आहे की नाही ते सांगता येत नाही, कारण पाण्यात दिसतच नाही.

काइटसर्फरला जो दिवस हवा असतो, तो बहुधा या काळ्या झेंड्याचा असतो. वारा वाढला की पाण्यावर फेसाळ लाटा उठतात, वाळू ढवळते, पाण्याचा रंग बदलतो. डोंगरावरून सावली ओळखणे अवघड होते. छोटे ड्रोन जोराच्या वाऱ्यात उडवता येत नाहीत आणि जिथे डझनभर पतंग दोऱ्यांसह हवेत आहेत तिथे उडवणे धोक्याचेही असते. केपचा प्रसिद्ध आग्नेय वारा उन्हाळ्यात वाहतो आणि पांढरे शार्क फॉल्स बेच्या किनाऱ्याजवळ यायचे तेही याच मोसमात. ‘आज शार्क दिसला नाही’ हे वाक्य वाऱ्याच्या दिवशी फारसे उपयोगाचे नसते ते यामुळे.

फॉल्स बेमधून २०१७ नंतर पांढरे शार्क जवळपास दिसेनासे झाले. शार्कचे यकृत खाणाऱ्या दोन ऑर्का देवमाशांकडे अनेक संशोधक बोट दाखवतात. डोंगरावरचा पहारा मात्र तेव्हाही उठवला गेला नाही.

वेगाने पळणाऱ्या फळीला शार्क गाठतो का?

सर्वसाधारण खेळाडू चांगल्या वाऱ्यात ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने जातो. तो क्षणात दिशा बदलतो, लाटेवरून उडतो. शार्कच्या दृष्टीने हे पाठलाग करण्याजोगे भक्ष्य नाही. सर्फर लाटेची वाट पाहत पाय सोडून फळीवर बसतो, पोहणारा एका जागी हातपाय मारत राहतो. वाऱ्यावरचा खेळाडू त्यांच्यासारखा पाण्यात लोंबकळत नाही. त्यामुळे चालत्या फळीवर असताना त्याचा धोका कमीच राहतो.

धोका सुरू होतो तो पडल्यावर, आणि या बाबतीत विंडसर्फिंग आणि काइटसर्फिंग यांच्यात मोठा फरक आहे. विंडसर्फरची फळी जाडजूड असते. शीड पडले, वारा गेला, काही मोडले, तरी तो फळीवर चढून बसू शकतो. पाय वर घेऊन मदतीची वाट पाहू शकतो. काइटसर्फरची फळी म्हणजे जवळपास पाटच. ती माणसाचे वजन तोलत नाही. तो पडला की छातीपर्यंत पाण्यात असतो आणि फळी लाटेबरोबर लांब जाते. फळीला दोरी बांधावी तर ताणली गेलेली दोरी फळी परत खेचून डोक्यात मारते, म्हणून बहुतेक प्रशिक्षक ती बांधू देत नाहीत. फळी परत मिळवायची तर पतंगाच्या ओढीने पाण्यातून शरीर फरफटत वाऱ्याच्या दिशेने तिरके तिरके जावे लागते. त्याला ‘बॉडी ड्रॅग’ म्हणतात. शिकाऊ माणसाला यात दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात आणि तेवढा वेळ तो पाण्यात हातपाय मारणारा एक जीव असतो.

फ्लोरिडातील स्टुअर्ट येथे फेब्रुवारी २०१० मध्ये नेमके असेच घडले. एक काइटसर्फर किनाऱ्यापासून सुमारे अर्धा किलोमीटरवर पाण्यात अडकला होता. जीवरक्षकाला तो संकटात असल्याचे दिसले. जीवरक्षक फळीवर झोपून हाताने पाणी मारत तिथवर पोहोचला तेव्हा पाण्यात रक्त होते आणि आजूबाजूला शार्क होते. त्याने जखमीला फळीवर घेऊन किनाऱ्याला आणले, पण जीव वाचला नाही. पॅसिफिकमधील न्यू कॅलेडोनियात २०१६ मध्ये कूमाकजवळ पाण्यात पडलेल्या एका काइटसर्फरच्या मांडीला शार्क चावला आणि तोही दगावला.

जीव जातो तो नेमका कशाने?

‘शार्कने खाल्ले’ असे आपण सहज म्हणतो, पण शार्क माणसाला खातो अशा घटना फार थोड्या आहेत. बहुतेक वेळा तो एकदा चावतो आणि सोडून निघून जातो. त्याला हात नसतात, समोर काय आहे ते तो तोंडाने चाचपतो. पण चार मीटरच्या जनावराचे हे चाचपणेही मांडीची मुख्य धमनी तोडायला पुरेसे असते. ती तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जातो. म्हणजे जीव वाचण्याचा प्रश्न शार्क निघून गेल्यावरच्या चार-पाच मिनिटांत सुटतो किंवा बिघडतो. रुग्णवाहिका त्या वेळेत येत नाही.

वाइएहूचा सर्फर वाचला तो याच मिनिटांमुळे. तो किनाऱ्यावर आला आणि तिथे पोहोचलेल्या पोलिसांनी त्याच्या पायाला टुर्निकेट, म्हणजे रक्तप्रवाह आवळून थांबवणारा पट्टा, बांधला. त्याचा पाय गेला, पण तो जिवंत रुग्णालयात पोहोचला.

ऑस्ट्रेलियात यावर एक साधा, पण उपयोगी अभ्यास झाला. कॅनबेरातील आपत्कालीन वैद्यक तज्ज्ञ निकोलस टेलर स्वतः सर्फर आहेत. शार्क चावलेल्याच्या पायाला फळीची दोरी बांधावी असा सर्फरमध्ये समज आहे. त्यांनी तो तपासून पाहिला. फळीच्या दोरीने पायाचा रक्तप्रवाह सरासरी ४३.८ टक्के कमी झाला. जांघेत मूठ दाबून धरली तर तो ८९.७ टक्के कमी झाला. पद्धत अशी की जखमीला उताणे झोपवायचे. ज्या पायाला जखम आहे त्या बाजूला, कमरेचे पुढचे हाड आणि जननेंद्रिय यांच्या मध्यावर, जांघेच्या घडीत मूठ ठेवायची. कोपर सरळ ठेवून त्यावर शरीराचा सगळा भार टाकायचा आणि मदत येईपर्यंत काढायचा नाही. याला कोणतेही साहित्य लागत नाही, कपडे काढावे लागत नाहीत. फक्त शेजारी दुसरा माणूस हवा. एकटा जखमी हे स्वतःवर करू शकत नाही.

त्यामुळे एकट्याने खूप आत जाऊ नये हा जुना सल्ला अधिक वजनदार ठरतो. माऊईत मालिकोच्या दरीपासून काहुलुई बंदरापर्यंत वाऱ्याबरोबर सुमारे १५ किलोमीटर जाण्याची सफर प्रसिद्ध आहे. या सफरीत माणूस बराच वेळ किनाऱ्यापासून दूर असतो. जोडीदार, हार्नेसच्या खिशात रुंद पट्टा आणि पाण्यात चालणारे संपर्क यंत्र, हे तिथे चैनीचे सामान राहत नाही. पतंगाची दोरी टुर्निकेट म्हणून वापरायचा विचारही करू नये. ती सुतळीसारखी बारीक असते आणि मांसात रुतते.

शार्क मारले तर प्रश्न सुटतो का?

प्रत्येक मृत्यूनंतर ही मागणी होते आणि तिच्यामागचा संताप समजण्यासारखा असतो. पण हवाईने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९५९ ते १९७६ या काळात सरकारी मोहिमांमध्ये ४,६६८ शार्क मारले गेले. त्यानंतरच्या काळात चावे घटल्याचे दिसले नाही. टायगर शार्क बेटाबेटांत शेकडो किलोमीटर फिरतो. एक खाडी रिकामी केली तर दुसरीकडचा तिथे येतो. आता हवाईत उलट कायदा आहे. १ जानेवारी २०२२ पासून राज्याच्या पाण्यात जाणूनबुजून शार्क पकडणे किंवा मारणे गुन्हा आहे. काही हवाईयन घराण्यांत शार्क हा पूर्वजांचे रूप मानला जातो, हीही त्या कायद्यामागची एक बाजू.

फ्रेंच ताब्यातील बेटांनी दुसरा मार्ग धरला. हिंदी महासागरातील रेयुनियनवर २०११ ते २०१९ या काळात ११ मृत्यू झाले. २०१३ मध्ये तिथे प्रवाळाच्या आतला सुरक्षित भाग सोडून इतरत्र पोहण्यावर आणि सर्फिंगवर बंदी आली. सर्फिंगच्या शाळा आणि दुकाने बंद पडली, कुटुंबे बेट सोडून गेली. न्यू कॅलेडोनियाच्या नूमेआ शहरात फेब्रुवारी २०२३ मध्ये एका ऑस्ट्रेलियन पर्यटकाचा मृत्यू झाल्यावर समुद्रस्नानावर बंदी घालून टायगर आणि बुल शार्क मारण्याची मोहीम निघाली. पर्यावरणवादी न्यायालयात गेले आणि वर्षाच्या अखेरीस न्यायालयाने मोहिमेचा निर्णय रद्द केला. वाऱ्यावर पोट असलेल्या या शहरात प्रशिक्षक, भाड्याने साहित्य देणारे आणि मुलांना समुद्रावर पाठवायला घाबरणारे पालक अशा सगळ्यांचेच या काळात हाल झाले.

हवाईची आजची पद्धत या दोहोंपेक्षा साधी आहे. चाव्याची घटना घडली की दोन्ही बाजूंना सुमारे दीड-दीड किलोमीटर किनाऱ्यावर इशाऱ्याच्या पाट्या लावतात. किमान दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत त्या राहतात. तोवर पुन्हा शार्क दिसला नाही तर काढून टाकतात. कोणाला ही मुदत फार कमी वाटेल. पण शार्क तिथे काल होता, परवाही होता आणि पाटी काढल्यावरही असणार आहे, हे मान्य करून केलेली ही व्यवस्था आहे. लोकांना फसव्या निर्धास्तपणापेक्षा माहिती देणे त्यात अधिक प्रामाणिक आहे.

शार्क पळवणारी उपकरणे किती कामाची?

बाजारात चुंबकाचे कडे, फळीला लावायचे उग्र वासाचे मेण, विजेचे क्षेत्र तयार करणारी यंत्रे असे बरेच काही मिळते. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी यातल्या पाच वस्तू पांढऱ्या शार्कवर तपासल्या. अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फळीखाली आमिष लावले होते. काहीच उपकरण नसताना ९६ टक्के वेळा शार्कने आमिष घेतले. विजेचे क्षेत्र तयार करणारे एक यंत्र लावल्यावर हे प्रमाण ४० टक्क्यांवर आले. चुंबक आणि मेण यांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे सर्वांत चांगल्या यंत्रानेही दहातले चार वेळा शार्क आलाच.

काइटसर्फरसाठी आणखी एक मेख आहे. हे यंत्र फळीच्या मागच्या टोकाला बसवायचे असते. पण पडल्यावर फळी त्याच्यापासून दूर जाते, हे वर आलेच आहे. ज्या क्षणी गरज असते त्या क्षणी यंत्र वीस-तीस मीटरवर एकटे तरंगत असते. घोट्याला किंवा अंगाला बांधायची रूपे आहेत, पण ती पाणबुड्यांसाठी, आणि वाऱ्यावरच्या खेळात त्यांची लोंबती तार अडचणीची ठरते. चाव्यात फाटणार नाही असे धागे वापरलेले पोहण्याचे सूटही आता आले आहेत. ते चावा थांबवत नाहीत, पण जखमेची खोली आणि रक्तस्राव कमी करतात. वर सांगितलेली चार-पाच मिनिटे थोडी लांबवण्याची शक्यता त्यात आहे, म्हणून काइटसर्फरला यंत्रापेक्षा सूट जास्त जवळचा वाटावा.

समुद्रात शार्क दिसलाच तर?

पतंग हवेत असेल आणि पाय फळीवर असतील तर थांबून पाहत बसू नये, सरळ किनारा गाठावा. आडव्यातिडव्या उड्या मारू नयेत, कारण पडण्याची शक्यता तिथेच असते. पाण्यात पडलेले असताना फळी दूर गेली तर तिचा नाद सोडावा आणि पतंगाच्या ओढीने किनाऱ्याकडे निघावे. पतंग पाण्यात पडून उठत नसेल तर दोऱ्या गुंडाळून त्याच्यापर्यंत जावे. त्याची पुढची कड हवा भरलेली असते, तिच्यावर छाती टाकून शरीर जेवढे पाण्याबाहेर घेता येईल तेवढे घ्यावे. विंडसर्फरने फळीवर चढून बसावे. शिकवण्याच्या वर्गात हे सगळे पहिल्या आठवड्यातच शिकवतात, पण ते बुडू नये म्हणून. शार्कच्या पाण्यातही तेच कामी येते.

पहाट आणि सांज टाळावी, मुसळधार पाऊस पडून गेल्यावर नदीच्या मुखाशी गढूळ पाण्यात जाऊ नये, मासे उसळताना किंवा पक्षी पाण्यावर झडप घालताना दिसले तर लांब राहावे, हे सल्ले सर्वत्र सारखे आहेत. यातला सांजेचा सल्ला सर्वाधिक मोडला जातो. वारा दिवसभर वाट पाहायला लावून चारला सुटला, तर सहाला बाहेर येणारा खेळाडू विरळाच.

कोकण, गोव्याच्या किनाऱ्यावर याचा काही संबंध आहे का?

आहे, पण थोडा वेगळा. १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या विंडसर्फिंगला भारतात आता कुठे ओळख मिळते आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत इबाद अलीने त्यात कांस्यपदक मिळवले. काइटसर्फिंग २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आले. गोव्यात मोरजी, आश्वे, हरमल या किनाऱ्यांवर दुपारचे खारे वारे सुटले की पतंग दिसतात. तमिळनाडूत रामेश्वरमला शिकण्यासाठी देशभरातून लोक जातात.

आपल्या किनाऱ्यावर शार्क आणि माणूस यांचे नाते बहुतेक वेळा ताटातले. मुंबई-रायगडकडे मुशी आणि मालवण-गोव्याकडे मोरी म्हणून बाजारात येते ती लहान शार्कच असते. आज भीती असलीच तर ती मुशीला माणसाची आहे. जाळ्यात मिळणाऱ्या मोठ्या शार्कचे प्रमाण घटत असल्याचे जुने मच्छीमार सांगतात.

तरीही चावा अशक्य नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारीला गेलेल्या तरुणाच्या पायाला शार्कने गंभीर जखमी केले. समुद्रापासून इतक्या आत शार्क कसा आला, याचेच लोकांना आश्चर्य वाटले. पण बुल शार्क गोड्या पाण्यातही राहू शकतो आणि जगभर नद्यांतून खूप आतवर जातो. गोव्यात आणि कोकणात वाऱ्यावरचे खेळ चालतात ते बहुधा अशाच नदीमुखांच्या जवळ, कारण तिथे वाळूचे सपाट पट्टे असतात आणि पाणी उथळ असते. मोरजीच्या टोकाशी शापोरा नदी समुद्राला मिळते.

या किनाऱ्यांवर काइटसर्फरला शार्कपेक्षा मासेमारीच्या जाळ्यांचा, खडकांचा आणि ऐनवेळी पडणाऱ्या वाऱ्याचा धोका कितीतरी जास्त आहे. पण जखम जाळ्याच्या दोरीने झाली, होडीच्या पंख्याने झाली की शार्कच्या दातांनी, रक्त वाहून जायला मिनिटे तेवढीच लागतात. टुर्निकेटचा पट्टा हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि जांघेत मूठ दाबायला तर तोही लागत नाही. किनाऱ्यावर वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षकाच्या पिशवीत तो आहे का, आणि सोबतच्या किती जणांना मूठ कुठे ठेवायची ते ठाऊक आहे, एवढे पाण्यात उतरण्याआधी विचारायला हरकत नाही.